नेपल्सला पहिल्यांदा जाताय? काय बघायचं, कोणत्या क्रमाने, आणि मंगळवारी काय बंद असतं

इटलीला जाणारी आपली बहुतेक मंडळी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस एवढं ठरवूनच निघतात, आणि नेपल्सचं नाव काढलं की "तिथं चोऱ्या फार होतात म्हणे" नाहीतर "पॉम्पेई काय, रोमहून एका दिवसात होतं" ही दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात (पॉम्पेई म्हणजे नेपल्सजवळचं, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर). पहिल्या खेपेला मीही रोमहून सकाळी निघून पॉम्पेई बघून रात्री परत गेले होते, नेपल्सच्या स्टेशनाबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. पुढच्या वेळी आईबाबांना घेऊन पाच दिवस राहिले आणि तेव्हा कळलं की मागच्या वेळी केवढं सोडून आलो होतो. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की नेपल्सला चार पूर्ण दिवस द्या, बाकी काही कमी करावं लागलं तरी चालेल. आणि हो, तिथल्या म्युझियममध्ये एक हस्तिदंती बाई उभी आहे जिचं नातं आपल्या भोकरदन आणि तेरशी लावलं जातं, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, तो भाग वगळू नका.

आधी घरी बसून करायची कामं

व्हिसा शेंगेन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते म्हणून जितक्या लवकर कराल तितकं बरं. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो. भारतातून थेट नेपल्सला विमान नाही, सगळ्यात सोपं म्हणजे रोमला उतरायचं आणि तेर्मिनी स्टेशनवरून फास्ट ट्रेन पकडायची, सव्वा तासाच्या आसपास नापोली चेन्त्राले येतं. या फास्ट ट्रेनची तिकिटं विमानासारखी असतात, लवकर काढली तर स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट.

कधी जायचं? एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. ऑगस्ट टाळा, ऊन तर असतंच पण १५ ऑगस्टच्या आसपास तिथल्या लोकांची मोठी सुट्टी असते आणि गावातली छोटी दुकानं, खाण्याच्या जागा बंद असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वारांचा हिशोब. पुरातत्त्व म्युझियम मंगळवारी बंद. सान्सेव्हेरो चॅपल मंगळवारी बंद. राजवाडा आणि कापोदिमोन्ते म्युझियम बुधवारी बंद. आम्ही सोमवारी रात्री पोचलो असल्याने मंगळवारी काय करायचं हा प्रश्न आला आणि सरळ पॉम्पेईला गेलो, ते मंगळवारी चालू असतं. तुम्हीही हॉटेल बुक करायच्या आधी कॅलेंडर काढून बसा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम्स आणि पॉम्पेई फुकट असतात, ऐकायला छान वाटतं पण त्या दिवशी गर्दी इतकी असते की वयस्कर माणसं बरोबर असतील तर पैसे देऊन दुसऱ्या दिवशी जाणंच चांगलं.

दोन तिकिटं आधी ऑनलाइन काढून ठेवायचीच. एक सान्सेव्हेरो चॅपलचं, कारण जागा छोटी आहे आणि वेळेचे स्लॉट भरून जातात, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. दुसरं पॉम्पेईचं, तिथं नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट बरोबर ठेवा. व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर जायचं असेल तर त्याचंही ऑनलाइनच.

राहायचं कुठे आणि फिरायचं कसं

स्टेशनजवळ, म्हणजे पियाझ्झा गारिबाल्दीच्या बाजूला हॉटेलं स्वस्त आहेत आणि गाडीसाठी सोयीची, पण रात्री तो भाग गजबजाटाचा आणि थोडा उदास वाटतो. मी सांगेन की दान्ते, तोलेदो किंवा म्युझेओ या मेट्रो स्टेशनच्या आसपास घ्या, जुनं शहर पायी आणि बाकी सगळं मेट्रोने. बुक करताना एक विचारून घ्या: कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का. जुन्या इमारती आहेत, जिने उंच, आणि काही इमारतींमधली लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय चालत नाही, म्हणून खिशात दहा-वीस सेंटची नाणी असू द्या. गाडी भाड्याने घेऊ नका. अजिबात नको. आतल्या गल्ल्यांमध्ये बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरपोच येतो.

मेट्रोची एक नंबरची लाइन तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल: गारिबाल्दी, उनिव्हेर्सिता, तोलेदो, दान्ते, म्युझेओ, मग वर वोमेरो टेकडीवरचं वानव्हितेल्ली. तोलेदो स्टेशन २०१२ मध्ये सुरू झालं, जमिनीखाली सुमारे ५० मीटर, आणि एस्कलेटरवरून खाली जाताना वर बघाल तर निळ्या मोझॅइकचा एक मोठा झरोका दिसतो, जणू समुद्राच्या तळातून वर बघतोय. काही काम नसलं तरी एकदा उतरा तिथं.

चोऱ्यांबद्दल बोलायचं तर मुंबईच्या लोकलमध्ये जेवढं सांभाळता तेवढंच सांभाळायचं, बॅग पुढे, मोबाइल हातात लोंबकळत नको, गर्दीच्या गाडीत दारापाशी उभं राहायचं नाही. गल्लीतून चालताना बॅग भिंतीच्या बाजूला ठेवा कारण स्कूटरवाले अगदी अंगाला घासून जातात. रस्ता क्रॉस करताना गाड्या थांबायची वाट बघत बसलात तर संध्याकाळ होईल, स्थानिक माणूस जसा शांतपणे, एकाच चालीने निघतो तसं निघायचं, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही म्हणा.

पहिला दिवस: जुनं शहर, फक्त पायी

हे शहर ग्रीकांनी वसवलं, नेआपोलिस म्हणजे नवं गाव, आणि त्यांनी आखलेले तीन समांतर रस्ते अडीच हजार वर्षांनंतरही तसेच्या तसे वापरात आहेत, त्यावरच आज स्कूटर, भाजीवाले आणि पर्यटक चालतात. त्यातल्या एकाला सगळे स्पाक्कानापोली म्हणतात, म्हणजे नेपल्सला चिरणारा, आणि दुसरा व्हिया देई त्रिबुनाली. पहिल्या दिवशी या दोन रस्त्यांच्या बाहेर जायचंच नाही असं ठरवा.

सकाळी जेझू नुओव्हो चर्चपासून सुरू करा, त्याची दर्शनी भिंत दगडाच्या टोकदार हिऱ्यांनी भरलेली आहे, बाहेरून किल्ला वाटतो आणि आत शिरलं की संगमरवर आणि सोनेरी छत. समोरच सांता कियारा. ४ ऑगस्ट १९४३ ला बॉम्बहल्ल्यात हे चर्च जळलं, नंतर पुन्हा बांधलं, पण मागचं अंगण वाचलं आणि तेच बघायचं, रंगीत टाइल्सचे खांब, त्यावर द्राक्षवेली, बसायच्या कट्ट्यांवर खेडेगावातले प्रसंग रंगवलेले. तिथं अर्धा तास बसा. बाहेरचा कलकलाट एकदम तुटतो.

मग सान्सेव्हेरो चॅपल. जुसेप्पे सानमार्तिनो नावाच्या शिल्पकाराने १७५३ मध्ये केलेला 'बुरख्यातला ख्रिस्त' इथं आहे. मृत येशू आडवा पडलाय आणि अंगावर पातळ वस्त्र, आणि ते वस्त्रसुद्धा त्याच दगडातून कोरलेलं, खालून नाकपुडी दिसते, कपाळावरची शीर दिसते, पायाला पडलेली भोकं दिसतात. लोक म्हणायचे की चॅपलचा मालक राजपुत्र किमयागार होता आणि त्याने खरं कापडच दगडाचं केलं, आणि समोर उभं राहिल्यावर लोकांना तसं का वाटलं ते कळतं. बाबा देवळातही फार वेळ थांबत नाहीत, ते तिथं वीस मिनिटं उभे होते. बाजूला क्वेइरोलोचं शिल्प आहे, जाळ्यातून बाहेर पडणारा माणूस, त्या दगडी जाळ्याची एकेक गाठ बघा. फोटोला बंदी आहे, आणि मला वाटतं ते बरंच आहे.

तिथून सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्ली जवळच. येशूजन्माचे देखावे बनवणाऱ्यांची ही गल्ली, वर्षभर चालू. आपल्याकडे गणपतीच्या आधी पेणच्या कारखान्यांत जसं वातावरण असतं तसं इथं नाताळच्या आधी असतं, आणि बाकीच्या महिन्यांत मातीची माणसं, पिठाची गिरणी, मासेवाला, पिझ्झावाला, सगळं गाव छोट्या आकारात रांगेने मांडलेलं असतं. मॅरडोनाची मूर्ती तर प्रत्येक दुकानात.

दुपारी त्रिबुनालीवर. पियाझ्झा सान गाएतानो हा चौक म्हणजे ग्रीकांचा बाजारचौक, आणि इथंच जमिनीखालच्या नेपल्सचं दार आहे. हे शहर ज्या पिवळ्या मऊ दगडावर बसलंय तोच दगड खालून कापून वर घरं बांधली, मग त्या पोकळ्यांत पाण्याच्या टाक्या केल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात लोक तिथंच लपले. सुमारे ४० मीटर खाली जायचं असतं, गाइडबरोबरच, आणि एका ठिकाणी बोळ इतका अरुंद की आडवं होऊन सरकावं लागतं. तो भाग सोडता येतो, आधी सांगा फक्त. कोंडल्यासारखं होत असेल किंवा गुडघे दुखत असतील तर त्याच चौकातल्या सान लोरेन्झो माज्जोरे चर्चच्या खाली जा, तिथं रोमन काळातला अख्खा बाजाररस्ता उकरून काढलाय, दुकानांचे गाळे दिसतात, आणि ऐसपैस चालता येतं. आईला मी तिथं नेलं.

त्याच रस्त्यावर पुढे पिओ मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया आहे, बाहेरून लक्षातही येणार नाही असं. आत काराव्हाज्जो या चित्रकाराचं १६०७ चं चित्र आहे, दयेची सात कामं एकाच अंधाऱ्या गल्लीत घडताना दाखवलेली: भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मेलेल्याला मूठमाती. आणि गंमत म्हणजे चित्र बघून बाहेर आलात की समोर तशीच गल्ली असते.

पिझ्झा आणि शाकाहारी लोकांचे प्रश्न

पिझ्झ्याबद्दल भांडणं कितीही असोत, इथं पिझ्झा पाच-सात युरोंत पोटभर मिळतो आणि त्रिबुनाली आणि आजूबाजूला जिथं रांग दिसेल तिथं बहुधा चांगलाच असतो. नाव नोंदवायचं, बाहेर थांबायचं, हाक आली की जायचं. २०१७ मध्ये युनेस्कोने इथल्या पिझ्झावाल्यांच्या कलेला वारसा म्हणून मान्यता दिली. कडा फुगलेली, मधे ओलसर, सुरी-काट्याने खायचा. कडक कुरकुरीत हवा असेल तर इथं मिळणार नाही.

मार्गेरिता शाकाहारी, मारिनारावर चीज नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, म्हणजे दूध न खाणाऱ्यांनाही चालेल. पण काही गोष्टी सांभाळा. तळलेल्या पिझ्झ्यात बऱ्याचदा रिकोट्टाबरोबर डुकराचे तुकडे असतात. बटाट्याच्या क्रोके, आपल्या बटाटेवड्याच्या चुलत भावासारख्या दिसतात, त्यातही कधी हॅम असतं. ताराल्ली नावाच्या मिरी-बदामाच्या कड्या अप्रतिम लागतात पण परंपरेने त्यात डुकराची चरबी घालतात, आणि स्फोल्यातेल्ला ही पापुद्र्यांची पेस्ट्रीसुद्धा जुन्या पद्धतीने चरबीतच. म्हणून विचारायचं, "चे स्त्रुत्तो?", म्हणजे यात चरबी आहे का. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" म्हणजे मांस नको, मासे नकोत. लोक नीट ऐकून उत्तर देतात, मला कधी कुणी उडवून लावलं नाही. बाबा नावाचा केक रममध्ये भिजवलेला असतो, तेही लक्षात ठेवा. वांग्याची पार्मिजाना, शेंगदाण्याशिवायच्या भरल्या वांग्यासारखी जड आणि चवदार, शाकाहारींनी ती जरूर खावी. मासे खाणाऱ्यांनी कागदाच्या कोनातले तळलेले छोटे मासे घ्यावेत, कोकणातल्या कुणालाही आवडतील.

कॉफी उभ्याने प्यायची, काउंटरवर. बसलात तर दर वेगळा. आधी पाण्याचा छोटा ग्लास देतात, तो कॉफीच्या आधी प्यायचा. इथली एक पद्धत मला फार आवडते, कॅफे सोस्पेझो: आपण एक कॉफी प्यायची, दोनचे पैसे द्यायचे, दुसरी कुणा अनोळखी गरजूसाठी तिथं शिल्लक राहते.

दुसरा दिवस: पॉम्पेई

माझा ठाम सल्ला, पॉम्पेई आधी आणि म्युझियम नंतर. कारण पॉम्पेईतली उत्तम चित्रं, मोझॅइक, भांडी काढून म्युझियममध्ये नेलेली आहेत, आधी ती रिकामी भिंत आणि ते घर बघितलंत तर दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये त्या चित्रामागे अख्खं घर डोळ्यांसमोर उभं राहतं. उलट केलंत तर म्युझियम म्हणजे नुसत्या काचेच्या पेट्या.

जायचं कसं: चेन्त्राले स्टेशनच्या खालच्या मजल्यावर चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल असते, सोरेन्तोच्या दिशेची पकडा आणि 'पॉम्पेई स्काव्ही, व्हिला देई मिस्तेरी' स्टेशनला उतरा, पस्तीस-चाळीस मिनिटं. गावात पॉम्पेई नावाची आणखीही स्टेशनं आहेत, गोंधळू नका. गाडी जुनी, गर्दीची, एसीची आशा नको. सीझनमध्ये थोड्या जास्त पैशात बसायला जागा असलेली पर्यटकांची गाडीही असते, वयस्करांसाठी ती घ्या.

सकाळी दार उघडताना पोचा, मोठी बॅग नेऊ नका, आत सोडत नाहीत. टोपी, पाण्याची बाटली (आत जागोजागी प्यायच्या पाण्याचे नळ आहेत, भरत राहायची), आणि चांगले बूट. सँडल नको, रस्ते लाव्हाच्या दगडांचे आहेत, उंचसखल आणि गुळगुळीत. सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्याला तो दगड लगेच ओळखीचा वाटतो, नातं तेच, ज्वालामुखीचं, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा कालपरवाचा म्हणावा असा.

काय झालं होतं ते थोडक्यात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला. वर्षानुवर्षं तारीख २४ ऑगस्ट धरली जायची, पण २०१८ मध्ये एका घरात भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली, त्यामुळे आता बरेच तज्ज्ञ शरद ऋतू मानतात. आधी तासन् तास हलके दगड आणि राख पडत राहिली, छपरं कोसळली, आणि मग दुसऱ्या दिवशी तापलेल्या वायू-राखेचे लोट आले. शहर जवळपास ६६ हेक्टरचं, त्यातला तिसरा हिस्सा अजून जमिनीखालीच आहे.

सगळं बघायचं म्हटलं तर दोन दिवस पुरत नाहीत, म्हणून मी असा क्रम सांगेन. पोर्ता मारिनाने आत, मग फोरम, त्या मोकळ्या चौकात उभं राहून उत्तरेला बघा, खांबांच्या मागे व्हेसुव्हियस. तिथून फाउनचं घर, हे इतकं मोठं आहे की याला घर म्हणणं चुकीचं, आणि इथल्या जमिनीवर अलेक्झांडरचं मोझॅइक होतं, आता तिथं प्रतिकृती आहे. मग व्हेत्ती यांचं घर, गुलामगिरीतून सुटून श्रीमंत झालेल्या दोघांचं, बरीच वर्षं बंद होतं आणि २०२३ च्या जानेवारीत पुन्हा उघडलं, लाल भिंतींचा तो रंग फोटोत येत नाही.

बेकरीत थांबा. मोठाले लाव्हाचे जाते उभे आहेत, वरची तळी फिरवायला माणसं किंवा गाढवं जुंपायची, आणि बाजूला भट्टी अशी की आत्ता लाकडं घातली तर पेटेल. आईने त्या जात्यावरून हात फिरवला आणि म्हणाली "माझ्या आजोळी असंच होतं, लहान." रस्ता ओलांडायला मधे उंच दगड ठेवलेत, पावसात पाय भिजू नयेत म्हणून, आणि त्या दगडांच्या मधून बैलगाडीच्या चाकोरीसारख्या खोल रेघा गेलेल्या. भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा रंगवलेल्या. रस्त्यावरच्या खानावळींचे ओटे, त्यात बसवलेले रांजण. दोन हजार वर्षांचं अंतर अशा ठिकाणी उरतच नाही.

मुख्य रस्ता व्हिया देल्ल'आब्बोन्दान्झा, याच्या कडेला ते घर आहे जिथं हस्तिदंती बाई सापडली. रस्ता संपता संपता अँफिथिएटर, इसवी सनपूर्व ७० च्या सुमाराचं, दगडी बांधणीच्या अँफिथिएटरांपैकी आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं. आणि जवळच पळून जाणाऱ्यांची बाग. शरीरं कुजून राखेत पोकळी राहिली, त्यात प्लास्टर ओतून आकार काढायची पद्धत १८६३ मध्ये फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने काढली. या बागेत असे तेरा जण आहेत, मुलंसुद्धा. आवाज कमी ठेवा, सेल्फी नको. ती माणसंच आहेत.

ताकद उरली असेल तर शेवटी व्हिला देई मिस्तेरी, थोडं बाहेर आहे पण परतीच्या स्टेशनच्याच दिशेला. एका खोलीच्या भिंतींवर जवळपास माणसाच्या उंचीच्या आकृत्या, गडद लाल पार्श्वभूमीवर.

ज्यांना एवढं चालवत नाही त्यांनी पॉम्पेईऐवजी एर्कोलानो, म्हणजे जुनं हर्क्युलेनियम बघावं. त्याच लोकलवर, निम्म्या वेळात, आकाराने छोटं, आणि खोल गाडलं गेल्यामुळे तिथं दुमजली घरं, लाकडी तुळया, दारं टिकलीत. जुन्या किनाऱ्यावरच्या बोटींच्या गाळ्यांत सुमारे तीनशे जणांचे सांगाडे सापडले, सुटकेची वाट बघत बसलेले.

व्हेसुव्हियसचं मुख? १२८१ मीटर उंच, शेवटचा उद्रेक १९४४ चा, बस बरीच वर नेते आणि मग अर्धा तास भुसभुशीत चढ. रायगड-तोरणा करणाऱ्यांना काहीच वाटणार नाही. पण पॉम्पेई आणि हे एकाच दिवशी नको.

तिसरा दिवस: म्युझियम आणि वोमेरो

पुरातत्त्व म्युझियम, मेट्रो स्टेशनचं नावच म्युझेओ. तळमजल्यावर फार्नेझे संग्रह: दमून सोट्यावर रेललेला हर्क्युलिस, तीन मीटरहून उंच, आणि बैलाला बाई बांधतानाचं प्रचंड शिल्प, दोन्ही रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांतून आणलेली. हर्क्युलिसच्या मागे जाऊन बघा, पाठीमागच्या हातात सफरचंदं आहेत. वर पॉम्पेईची चित्रं. अलेक्झांडरचं मूळ मोझॅइक दहा लाखांहून जास्त तुकड्यांचं आहे, गेल्या काही वर्षांत त्याचं जतनाचं काम हाती घेतलं गेलं.

आणि आता ती बाई. 'गुप्त दालन' म्हणून एक विभाग आहे, पॉम्पेईतल्या कामुक वस्तूंचा, लहान मुलांना एकटं सोडत नाहीत. त्यात एका काचेच्या पेटीत जेमतेम वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती, कमरेला मेखला, हातात गच्च बांगड्या, पायात जाड वाळे, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. सापडली १९३८ मध्ये, पुरातत्त्वज्ञ माइउरी यांच्या उत्खननात. तिला पॉम्पेई लक्ष्मी म्हणतात, पण बऱ्याच अभ्यासकांना ती यक्षी वाटते. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावा. अगदी अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्यात. तेर म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या नोंदीत पैठण आणि तगरचा माल भडोचच्या बंदरात येतो असं लिहिलेलं आहे. मूर्तीवर मात्र एक खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे ती नेमकी कुठं घडली यावर एकमत नाही. तरी तिच्या हातातल्या बांगड्या बघून आई जे म्हणाली ते मला पुरेसं आहे: "ही आपल्याकडचीच."

पेटी लहान आहे आणि लोक पटकन पुढे जातात, शोधावी लागते. सापडली नाही तर गार्डला "स्तातुएत्ता इंदियाना" म्हणा. आणि परत आल्यावर तेरच्या म्युझियमला जा, तिथली हस्तिदंती मूर्ती बघा, मग दोन्ही टोकं जुळतात.

संध्याकाळी तोलेदो रस्त्यावरून फ्युनिक्युलरने (दोराने चढावर ओढली जाणारी गाडी) वोमेरो टेकडीवर, सांत'एल्मो किल्ला. वरून सगळं दिसतं, व्हेसुव्हियस, आखात, कापरी बेट, आणि खाली शहर चिरत गेलेली स्पाक्कानापोलीची सरळ रेघ, जिच्यावर तुम्ही दोन दिवसांपूर्वी चाललात. उतरताना पेदामेन्तिना हा पायऱ्यांचा रस्ता घेता येतो, चारशेच्या वर पायऱ्या, गुडघे चांगले असतील तरच.

खाली स्पॅनिश क्वार्टरमध्ये मॅरडोनाचं भिंतीवरचं भलंमोठं चित्र आहे. १९८४ मध्ये तो इथं आला आणि १९८७ आणि १९९० ला लीग जिंकून दिली, त्याआधी दक्षिणेतल्या या शहराला उत्तरेतले लोक कायम खाली बघायचे. तिथं फुलं, मेणबत्त्या, स्कार्फ वाहिलेले असतात. फुटबॉल कळत नसला तरी जा. वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगांखालून, टोपलीला दोरी बांधून खिडकीतून भाजी वर घेणाऱ्या आज्ज्या बघत, गिरगावात वाढलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

प्लेबिशितो चौक, सान कार्लो ऑपेरा हाऊस (१७३७ चं), काचेच्या छताची गॅलेरिया उंबेर्तो, समुद्रातला कास्तेल देल्ल'ओव्हो, हे सगळं एका संध्याकाळच्या फेरीत होतं. शेवटच्या किल्ल्याच्या पायात व्हर्जिल कवीने अंडं ठेवलंय आणि ते फुटलं तर शहर बुडेल अशी कथा आहे. बाहेरून बघितला तरी पुरे.

चौथा दिवस: बेट की पोझ्झुओली

कापरी सुंदर आहे, महाग आहे, गर्दीचं आहे, आणि समुद्र खवळला की निळी गुहा बंद. बेट करायचंच असेल तर मी प्रोचिदा सुचवेन, बेव्हेरेल्लो धक्क्यावरून बोट, रंगीत घरांचं कोळीगाव, दुपारपर्यंत बघून होतं.

पण मला विचाराल तर चौथ्या दिवशी मेट्रोच्या दोन नंबर लाइनने पोझ्झुओलीला जा, अर्ध्या तासाचा रस्ता. रोमनांचं हे मोठं बंदर, इजिप्तहून धान्याची जहाजं इथं लागायची आणि पूर्वेकडचा माल याच वाटेने यायचा, मिरी, कापड, हस्तिदंत. इथलं अँफिथिएटर बघा, जमिनीखालचे जनावरांचे बोळ जसेच्या तसे आहेत (हेही मंगळवारी बंद). आणि गावाच्या मधोमध जुन्या बाजाराचे तीन उभे खांब, रस्त्यावरूनच दिसतात, तिकीट नाही. त्या खांबांवर बऱ्याच उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत, म्हणजे जमीन एकदा समुद्रात गेली आणि पुन्हा वर आली. ती अजूनही हलतेय, १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत गाव सुमारे १.८ मीटर वर उचललं गेलं आणि छोटे धक्के आजही बसतात, घाबरू नका, पण हॉटेलमध्ये बाहेर पडायची वाट कुठून आहे ते बघून ठेवा.

मग बंदरावर या. मासेमारीच्या होड्या, जाळी दुरुस्त करणारी माणसं, शेजारी फेरीचं तिकीटघर. म्युझियममधली ती वीतभर बाई बहुतेक इथंच कुठंतरी जहाजातून उतरवली गेली असणार. आईने तिथल्या कट्ट्यावर बसून डब्यातले थालीपीठाचे शेवटचे दोन तुकडे काढले आणि आम्ही ते खाल्ले, परतीच्या गाडीला अजून वीस मिनिटं होती.